सकाळच्या भावाच्या वेळीच संकेतस्थळ का अडते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सावद्याजवळ आपली केळीच्या टिश्यूकल्चर रोपांची रोपवाटिका आहे. चार वर्षांपूर्वी आपण वर्डप्रेस (संकेतस्थळ चालवणारी प्रणाली) आणि वूकॉमर्स (तिच्यावरचे ऑनलाइन दुकान) यांवर संकेतस्थळ करून घेतले. त्यावर रोपांचे बुकिंग होते आणि रोज सकाळी केळीचा भाव टाकला जातो. रात्री पान चार-पाच सेकंदांत उघडते. सकाळी साडेआठ ते दहा या वेळात मात्र बारा-पंधरा सेकंद लागतात आणि अधूनमधून ‘५०८’ क्रमांकाची त्रुटी दिसते. होस्टिंग कंपनीचे, म्हणजे संकेतस्थळासाठी सर्व्हरवर जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीचे म्हणणे आहे, की वरचा प्लॅन घ्या. मृगबागेच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या लागवडीच्या) बुकिंगला सुरुवात होण्यापूर्वी आपल्याला निर्णय करायचा आहे.

माझे उत्तर असे, की तूर्त पैसे भरू नयेत. प्लॅन वाढवल्याने त्रास काही आठवडे कमी होईल, पण त्याचे कारण जागच्या जागी राहील आणि पुढच्या हंगामात तोच प्रश्न जास्त भाड्याच्या जागेत उभा राहील. मी गेली चौदा वर्षे जळगावात बसून केळी, बियाणे, सोने-चांदी आणि जिनिंगच्या व्यवसायांची संकेतस्थळे सांभाळतो. आपल्यासारखी तक्रार दर हंगामात दोन-तीन जणांकडून येतेच.

आधी शेअर्ड होस्टिंग म्हणजे नेमके काय, ते पाहू. आपल्याकडे एका डीपीवर पंधरा-वीस शेतकऱ्यांच्या मोटारी असतात आणि वीज आली की सगळे एकदम स्टार्टर दाबतात. मग दाब पडतो. शेअर्ड होस्टिंगमध्येही एकाच यंत्रावर शेकडो संकेतस्थळे असतात. फरक इतकाच, की एकाच्या ओढीने दुसऱ्याची मोटार जळू नये म्हणून बहुतेक होस्टिंग कंपन्या क्लाउडलिनक्स ही प्रणाली वापरतात आणि प्रत्येक खात्याला वेगळा फ्यूज लावतात. जाहिरातीत ‘अमर्यादित जागा, अमर्यादित बँडविड्थ’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, पण मर्यादा असते ती सीपीयूवर (यंत्राच्या प्रोसेसरवर), मेमरीवर, डिस्कच्या लिहिण्या-वाचण्यावर आणि पीएचपीच्या, म्हणजे सर्व्हरवर पाने तयार करणाऱ्या भाषेच्या, एकाच वेळी चालू शकणाऱ्या प्रक्रियांवर. या शेवटच्या आकड्याला ‘एंट्री प्रोसेसेस’ म्हणतात आणि साध्या प्लॅनमध्ये तो बऱ्याचदा २० असतो. आपल्याला दिसणारी ५०८ ची त्रुटी म्हणजे हाच फ्यूज उडणे होय.

आता आपण पाठवलेल्या दोन चित्रांकडे येऊ. ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून ‘नेटवर्क’ या विभागातील पहिल्या ओळीवर बोट नेले, की सर्व्हरने उत्तराचा पहिला बाइट पाठवायला किती वेळ घेतला, ते दिसते. आपल्या रात्रीच्या चित्रात तो १.९ सेकंद आहे आणि सकाळच्या चित्रात ९.४ सेकंद. गूगलच्या मार्गदर्शनानुसार हा वेळ ०.८ सेकंदाच्या आत असावा. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी, की पान तेच आहे, फोटो तेच आहेत आणि फोटोंचे वजन रात्री आणि सकाळी सारखेच असते. तेव्हा सकाळचे वाढीव साडेसात सेकंद पूर्णपणे सर्व्हरच्या बाजूचे आहेत. आपल्या पुतण्याने दोन वेळा सगळे फोटो लहान करून पाहिले आणि फरक पडला नाही, असे आपण लिहिले आहे. तो पडणारच नव्हता. त्याचे कष्ट वाया गेले नाहीत, पण ते दुसऱ्या दुखण्याचे औषध होते.

सीपॅनेलमध्ये, म्हणजे होस्टिंग खात्याच्या नियंत्रण-फलकात, ‘रिसोर्स युसेज’ नावाचे पान असते. बहुतेक ग्राहक ते कधी उघडत नाहीत. तेथे गेल्या २४ तासांचे आलेख पाहावेत. आपण पाठवलेल्या आलेखात सीपीयूची रेघ ८ वाजून ४० मिनिटांनी छताला टेकते आणि साडेनऊपर्यंत खाली येत नाही. एंट्री प्रोसेसेसची रेघ तिच्या पाच-सात मिनिटे मागून चढते. हा क्रम महत्त्वाचा आहे. सीपीयूची मर्यादा संपली, तर त्रुटी दिसत नाही, काम फक्त संथ होते. काम संथ झाले, की आधीची पाने पूर्ण होण्याआधीच नवे लोक येतात, प्रक्रिया साचत जातात आणि एकाच वेळच्या प्रक्रिया २० वर पोचल्या, की एकविसाव्या माणसाला ५०८ मिळतो. म्हणजे त्रुटी प्रक्रियांच्या मर्यादेची दिसत असली, तरी मूळ आजार सीपीयूचा आहे. साधा हिशेब करू. आपल्या खात्याला प्रोसेसरचा एक कोअर (भाग) आहे आणि भावाचे एक पान तयार करायला त्या कोअरचा साधारण एक सेकंद लागतो असे धरले, तर एका मिनिटात ६० पाने तयार होऊ शकतात. आपण पावणेनऊला भावाची लिंक सात-आठ व्हॉट्सॲप गटांवर टाकता. पहिल्या दोन मिनिटांत दोनशे जणांनी ती दाबली, तर रांग लागणारच.

पण मग थोड्याच मिनिटांत ती ओसरायला हवी होती. आपल्याकडे ती तासभर चालते. त्याचे उत्तर डिस्कच्या आलेखात आहे, कारण त्याच वेळी डिस्कचे लिहिणे-वाचणेही मर्यादेला टेकलेले दिसते. भाव वाचणारे लोक डिस्कवर काही लिहीत नाहीत. ते लिहितो आपला बॅकअप प्लगइन, म्हणजे संकेतस्थळाची राखीव प्रत काढणारा वर्डप्रेसचा जोड-कार्यक्रम.

येथे थोडे थांबून वर्डप्रेसची एक सवय समजून घ्यावी लागेल, कारण मला वाटते, आपल्या त्रासाचा अर्धा भाग त्यातच आहे. वर्डप्रेसमध्ये ठरलेल्या वेळी करायच्या कामांसाठी डब्ल्यूपी-क्रॉन नावाची सोय आहे, पण तिच्याजवळ स्वतःचे घड्याळ नाही. कोणीतरी संकेतस्थळावर आले आणि त्यासाठी पीएचपी चालू झाले, की त्या निमित्ताने वर्डप्रेस विचारते, की एखादे काम करायचे राहिले आहे का. आपण बॅकअपची वेळ पहाटे पाचची ठेवली आहे आणि समजता आहात, की तो पहाटे होतो. पाचनंतर कोणी फिरकलेच नाही, तर तो तसाच थांबून राहतो. सकाळी भावासाठी पहिला शेतकरी पान उघडतो आणि बॅकअपला तेव्हा जाग येते. मग चार वर्षांचे सगळे फोटो एका झिप फाइलमध्ये बांधण्याचे काम नेमके गर्दीच्या वेळी सुरू होते, तेही त्याच एका कोअरवर. बॅकअपच्या नोंदवहीत सुरू झाल्याची वेळ पाहिली, तर माझे म्हणणे पडताळता येईल. आपल्यासारख्या तीन खात्यांवर मी ती पावणेनऊ ते नऊच्या दरम्यान पाहिली आहे.

उपाय सोपा आहे. डब्ल्यूपी-कॉन्फिग या फाइलमध्ये डिसेबल-डब्ल्यूपी-क्रॉन हा स्थिरांक ‘ट्रू’ करावा (मूळ नावात जोडरेघेच्या जागी अधोरेघ असते), म्हणजे पाहुण्यांच्या निमित्ताने ही कामे सुरू होणार नाहीत. त्यानंतर सीपॅनेलच्या ‘क्रॉन जॉब्स’मध्ये दर पंधरा मिनिटांनी डब्ल्यूपी-क्रॉनची फाइल चालवण्याची सूचना द्यावी. यातील दुसरी पायरी विसरली, तर बॅकअप, बुकिंगचे ईमेल, वूकॉमर्सची मागची कामे असे सगळेच थांबते, म्हणून दोन्ही पायऱ्या एका बैठकीत कराव्यात. बॅकअप रात्री दोनला ठेवावा, डेटाबेसचा रोज आणि फोटोंसह पूर्ण खात्याचा आठवड्यातून एकदा. शिवाय जुन्या झिप फाइली त्याच खात्यात साठवू नयेत. सर्व्हरच बिघडला, तर त्याच सर्व्हरवरचा बॅकअप काय कामाचा?

आता मुख्य उपायाकडे, म्हणजे कॅशेकडे. भावाचे पान दोनशे लोकांसाठी दोनशे वेळा नव्याने तयार होते, प्रत्येक वेळी पीएचपी सुरू होते, डेटाबेसला शंभर-दीडशे प्रश्न विचारले जातात आणि शेवटी तयार होते ते अक्षर न अक्षर तेच पान. पान एकदा तयार करून ठेवायचे आणि पुढच्या १९९ जणांना तेच द्यायचे, एवढाच पेज-कॅशेचा अर्थ आहे. आपल्या होस्टिंगच्या उत्तराच्या हेडरमध्ये (पानासोबत येणाऱ्या माहितीच्या ओळींत) सर्व्हरचे नाव लाइटस्पीड दिसते. त्यामुळे लाइटस्पीड कॅशे हा मोफत प्लगइन बसवावा. यात तयार पान सर्व्हर स्वतःच देतो आणि पीएचपी सुरूही होत नाही. अपाची सर्व्हर असता, तर मी डब्ल्यूपी सुपर कॅशे त्याच्या ‘एक्सपर्ट’ पद्धतीने वापरायला सांगितले असते. दोन कॅशे प्लगइन एकत्र कधीही ठेवू नयेत. आपल्या यादीत वेग वाढवण्याचा दावा करणारे तीन प्लगइन चालू दिसतात आणि लाइटस्पीडसाठी उपयोगी त्यांतला एकही नाही. ते तिन्ही आधी काढून टाकावेत.

प्लगइन चालू केल्यावर लॉगआउट करून पान दोन वेळा उघडावे आणि हेडरमध्ये ‘एक्स-लाइटस्पीड-कॅशे’ या नावापुढे ‘हिट’ आले का, ते पाहावे. ‘मिस’ येत राहिले, तर कॅशे नुसता बसवलेला आहे, काम करत नाही. वूकॉमर्सचे कार्ट, चेकआउट आणि ‘माझे खाते’ ही पाने कॅशेबाहेर असली पाहिजेत. लाइटस्पीडचा प्लगइन ती आपण होऊन वगळतो, तरी दोन वेगवेगळ्या फोनवरून एकेक बुकिंग करून खात्री करून घ्यावी. एकाचे नाव-गाव दुसऱ्याला दिसले, तर ती चूक महागात पडते.

भावाच्या पानाबाबत मात्र विशेष काळजी घ्यावी लागेल आणि हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी यावल तालुक्यातील एका व्यापाऱ्याच्या संकेतस्थळावर मी असाच कॅशे चालू केला, वेग पाहून त्यांनी चहा पाजला आणि मी घरी आलो. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, की शेतकरी परवाचा भाव दाखवून भांडत आहेत. झाले असे होते, की एखादा लेख किंवा पान संपादित केले, तर प्लगइन त्याची साठवलेली प्रत आपोआप पुसतो. पण त्यांचा भाव पानात लिहिलेला नव्हता, तो एका छोट्या प्लगइनच्या सेटिंगमध्ये भरला जात होता आणि पानावर केवळ दिसत होता. पान बदलले, हे कॅशेला कळायला मार्गच नव्हता, आणि लाइटस्पीडमध्ये साठवलेल्या पानाचे आयुष्य मुळात ६,०४,८०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक आठवडा असते. आपला भावही तसाच सेटिंगमधून भरला जातो, असे चित्रावरून दिसते.

असे असले, तरी भावाचे पान कॅशेतून वगळू नये. बरेच जण तसा सल्ला देतील, परंतु सगळी गर्दी त्याच एका पानावर असताना ते वगळले, तर कॅशेचा फायदा उरतो कुठे? त्याऐवजी त्या पानाचे आयुष्य पाच मिनिटांचे करावे. प्लगइनच्या ‘फोर्स कॅशे’ या रकान्यात पानाचा पत्ता लिहून एक जागा सोडून ३०० हा सेकंदांचा आकडा लिहिता येतो. मग दोनशे जणांसाठी पान पाच मिनिटांत एकदा तयार होईल आणि भाव फार तर पाच मिनिटे जुना राहील. भाव भरल्यावर वरच्या पट्टीतून कॅशे हाताने पुसण्याची सवय लावली, तर तेवढाही उशीर होणार नाही. त्यानंतर पान स्वतः एकदा उघडून मगच गटांवर लिंक टाकावी, म्हणजे पहिल्या माणसालाही तयार पान मिळेल.

याच संदर्भात एक बारकावा. फेसबुकवरून येणाऱ्या प्रत्येक क्लिकच्या पत्त्याला शेपटीसारखी एक लांबलचक खूण जोडलेली असते आणि ती दर वेळी वेगळी असते. कॅशेच्या दृष्टीने पत्ता वेगळा म्हणजे पान वेगळे, त्यामुळे साठवलेली प्रत असूनही पान नव्याने तयार होते. लाइटस्पीडच्या प्लगइनमध्ये अशा खुणांकडे दुर्लक्ष करण्याची यादी आधीच असते. ती कोणी रिकामी केली नाही ना, एवढे पाहावे.

कॅशेने गर्दी सुटेल, पण रात्री एकटा माणूस असतानाही पहिला बाइट यायला १.९ सेकंद का लागतात, हा प्रश्न राहतो. बुकिंगची पाने कॅशेबाहेर असल्यामुळे तो वेळही कमी केला पाहिजे. आपल्या खात्यावर पीएचपी ७.४ चालू आहे. त्या आवृत्तीचा सुरक्षा-पाठिंबा नोव्हेंबर २०२२ मध्येच संपला. सीपॅनेलमधून ८.३ किंवा त्यानंतरची आवृत्ती निवडावी आणि ऑपकॅशे (पीएचपीचा कोड मेमरीत तयार ठेवणारी सोय) चालू असल्याची खात्री करावी. मात्र हे काम बॅकअप हाती असताना आणि दुपारच्या निवांत वेळी करावे, कारण चार वर्षे अद्ययावत न केलेली थीम (संकेतस्थळाच्या रूपाचा साचा) नव्या पीएचपीवर कोरे पान दाखवू शकते. तसे झाले, तर आवृत्ती लगेच मागे नेता येते. थीम आणि प्लगइन आधी अद्ययावत केले, तर ही वेळ सहसा येत नाही.

दुसरी जागा म्हणजे डेटाबेसमधील ‘ऑप्शन्स’ हा तक्ता. त्यातील ज्या नोंदींवर ऑटोलोडची खूण असते, त्या प्रत्येक पानाच्या वेळी मेमरीत घेतल्या जातात, मग त्या लागोत किंवा न लागोत. काढून टाकलेले प्लगइन आपली ओझी येथेच सोडून जातात. वर्डप्रेस ६.६ पासून ‘साइट हेल्थ’ हे पान या नोंदी ८०० केबीच्या वर गेल्या, की इशारा देते. आपल्या चित्रात तो आकडा ४ एमबीच्या आसपास आहे आणि त्यातला मोठा वाटा एका जुन्या स्लायडरचा आहे, जो आपण दोन वर्षांपूर्वीच काढला. अशा नोंदी पीएचपीमायॲडमिनमध्ये (सीपॅनेलमधील डेटाबेस पाहण्याच्या साधनात) आकारानुसार लावून पाहाव्यात आणि ज्यांचा मालक प्लगइन उरलेला नाही, त्यांची ऑटोलोडची खूण काढावी. नोंद एकदम पुसू नये. आठ दिवस काही बिघडले नाही, तर मग पुसावी. लेखांच्या जुन्या आवृत्त्या पुसून वेग वाढतो, हा सल्ला मात्र सगळीकडे मिळतो आणि माझ्या अनुभवात आपल्या आकाराच्या संकेतस्थळावर त्याने काहीच फरक पडत नाही.

आलेखात मध्यरात्रीही लहान लहान शिखरे दिसतात. ती बहुधा पासवर्डचा अंदाज लावणाऱ्या स्वयंचलित कार्यक्रमांची आहेत. सीपॅनेलमधील ‘रॉ ॲक्सेस’ची नोंदवही उघडून लॉगिनच्या आणि एक्सएमएल-आरपीसीच्या (बाहेरची ॲप वर्डप्रेसशी जोडणाऱ्या जुन्या सोयीच्या) फाइलवर एकाच पत्त्यावरून शेकडो विनंत्या आहेत का, ते पाहावे. असल्यास एक्सएमएल-आरपीसी बंद करावे आणि लॉगिनच्या प्रयत्नांवर मर्यादा घालावी. या विनंत्या कॅशेतून भागत नाहीत. त्या प्रत्येक वेळी पीएचपीच चालवतात.

सर्व्हर कोठे आहे, हेही विचारून घ्यावे. आपले ग्राहक रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा आणि फार तर पलीकडे बऱ्हाणपूरचे. सर्व्हर अमेरिकेत असेल, तर एका फेरीला २०० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो आणि नवी सुरक्षित जोडणी होऊन पहिला बाइट येईपर्यंत तीन-चार फेऱ्या होतात. म्हणजे सर्व्हरने काहीही न करता पाऊण सेकंद गेला. अनेक कंपन्या त्याच भाड्यात मुंबईचे डेटा सेंटर देतात. क्लाउडफ्लेअरचा (फाइली जवळच्या सर्व्हरवरून देणाऱ्या सेवेचा) मोफत प्लॅन लावला, तर फोटो आणि इतर स्थिर फाइली जवळून मिळतील, पण मूळ पान तो आपण होऊन साठवत नाही, त्यामुळे तो या स्थलांतराला पर्याय नाही.

पानाच्या वजनाबद्दल थोडक्यात. मुखपृष्ठावरील केळीच्या घडाचा मोठा फोटो पेज-बिल्डरने (पाने रचण्याच्या प्लगइनने) पार्श्वभूमी म्हणून लावलेला आहे आणि अशा फोटोला वर्डप्रेस मोबाइलसाठी लहान प्रत देत नाही. तो साधा फोटो म्हणून लावावा, वेबपी या हलक्या स्वरूपात ठेवावा आणि तेवढ्या एका फोटोचे लेझी-लोडिंग (फोटो दिसायची वेळ आल्यावरच उतरवणे) बंद ठेवावे, कारण उघडताच तोच दिसायचा आहे. मुक्ता हा फॉन्ट आपण सातही जाडींमध्ये मागवला आहे. देवनागरीच्या फाइली जोडाक्षरांमुळे मुळातच मोठ्या असतात. साधी आणि ठळक अशा दोन जाडींत काम भागते. लागवडीच्या पानावरील चार यूट्यूब चित्रफिती पाहणाऱ्याने न दाबताही आपले सगळे सामान उतरवून घेतात, म्हणून तेथे फक्त चित्र ठेवून दाबल्यावर चित्रफीत उघडेल, अशी व्यवस्था करावी.

पेजस्पीड या गूगलच्या वेग-चाचणीचा गुण ३१ आहे, म्हणून आपण चिंतेत आहात. तो गुण कृत्रिम चाचणीचा असतो. खऱ्या लोकांच्या गेल्या २८ दिवसांच्या नोंदी पुरेशा असतील, तर त्या त्याच पानावर वरच्या भागात दिसतात. त्यांत मुख्य मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसला, की मी थांबतो. शंभर गुणांच्या मागे लागून सगळी जावास्क्रिप्ट (पानावरची बटणे-अर्ज चालवणारा कोड) उशिरा चालवण्याचे बटण दाबू नये. त्या बटणामुळे बुकिंगचा अर्ज दाबला न जाण्याचे प्रकार मी अनेकदा निस्तरले आहेत.

प्लॅन वाढवण्याची वेळ कधी येते, तेही सांगतो. कॅशे ‘हिट’ देत असताना, बॅकअप रात्री होत असताना आणि पीएचपी नवे असतानाही बुकिंगच्या दिवसांत सीपीयूची रेघ छताला टेकत असेल, तर त्याच कंपनीत जास्त कोअरचा प्लॅन घ्यावा. व्हीपीएस (स्वतः सांभाळायचा स्वतंत्र आभासी सर्व्हर) मात्र रोज लक्ष ठेवणारा माणूस असल्याशिवाय घेऊ नये. तेथे अद्ययावत करणे आणि सुरक्षा हे सारे आपल्याच अंगावर येते.

मृगबागेचे बुकिंग जवळ आले आहे, म्हणून या आठवड्यात क्रॉन, बॅकअपची वेळ आणि कॅशे एवढेच करावे. पीएचपी आणि डेटाबेसला पुढच्या आठवड्यात हात लावावा. आजचा ‘रिसोर्स युसेज’चा आलेख जपून ठेवावा, आणि कॅशे सुरू झाल्यानंतरच्या तिसऱ्या सकाळी, लिंक टाकल्यावर दहा मिनिटांनी, पुन्हा तोच आलेख आणि पहिल्या बाइटचा वेळ मला पाठवावा. होस्टिंग कंपनीला काय उत्तर द्यायचे, ते त्या आकड्यांवरून ठरवता येईल.